तळ्यावरचं रडार

पोलिसांच्या कागदात लिहिलंय की बोटचालकाला रडार वापरता येत नव्हतं, म्हणून अपघात झाला. चार वर्षं तो कागद कोर्टात आहे आणि चार वर्षं मला माहीत आहे की तो खोटा आहे. त्याला रडार वापरता येत होतं. मीच शिकवलं होतं. ज्या बटणामुळं एका म्हाताऱ्या मच्छीमाराचा पाय गेला ते बटण मी फिरवलं, त्यावर पट्टी मी चिकटवली, आणि चौकशीची माणसं यायच्या आत ती काढूनही मीच टाकली. आमच्याकडं लोक मला कमी बोलणारा म्हणतात, तेही कौतुकानं. कमी बोलणाऱ्याची फार सोय असते.

आता धाराशिव जिल्ह्यात बोटीवर रडार आलंच कसं, ते आधी सांगतो. आमच्याकडच्या मध्यम प्रकल्पावर, म्हणजे लोकांच्या भाषेत तळ्यावर, गस्तीसाठी आणि पर्यटनासाठी एक बोट घ्यायचं ठरलं. प्रस्ताव पाठवायला दिवस थोडे उरले होते. म्हणून कचेरीतल्या कुणीतरी किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्याचा जुना प्रस्ताव मागवला आणि त्यातलं जिल्ह्याचं नाव तेवढं बदललं. बाकी सगळं तसंच ठेवलं. त्यामुळं आमच्या तळ्यासाठी मंजूर झालेल्या यादीत रडार होतं, खाऱ्या पाण्यात तळ गंजू नये म्हणून लावायचा रंग होता, आणि भरती-ओहोटीचा वार्षिक तक्ता होता. ही यादी किती टेबलांवरून गेली असेल, प्रत्येक टेबलावर एक सही पडली असेल. तळ्याला भरती येत नाही हे कळायला काय इंजिनिअर लागतो? पण तक्ता खरंच आला. प्रकल्पाच्या साहेबांनी तो टेबलाच्या काचेखाली घातला होता. वर चहाच्या कपाचे गोल उमटलेले.

यंत्र बसवायला माणूस पाहिजे म्हणून मला शोधलं. मी जळकोटजवळचा. आयटीआय करून अकरा वर्षं कोकणात एका बंदरावर होतो, मासेमारीच्या बोटींवर रडार, वायरलेस, असलं बसवणाऱ्या एका दुकानात. हे ऐकून गावाकडं लोकांचे डोळे मोठे व्हायचे. मी ते होऊ दिले. खरं असं की त्या अकरा वर्षांत मी शिडी धरली, केबल ओढली, नट आवळले. यंत्र लावून चालू करायचं काम थोरला मेस्त्री करायचा आणि मी त्याच्या खांद्यावरून बघायचो. बोटीचा तांडेल मला हाक मारायचा, "ए घाटी, तुमच्याकडे पाणी टँकरातून येतं ना रे? मग तू बोटीत काय बघतोस?" सगळे हसायचे, मीही हसायचो. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा परत आलो आणि हायवेवरच्या धाब्यांना कॅमेरे आणि इन्व्हर्टर बसवायला लागलो. तर असा मी तज्ज्ञ.

ठेकेदार तर माझ्याही वरताण. तो याआधी अंगणवाड्यांना घसरगुंड्या पुरवायचा. त्यानं रडारचा पांढरा घुमट खोक्यातून काढला, दोन्ही हातांनी हलवून बघितला आणि म्हणाला, "मेस्तरी, ह्यो डबा टपावर ठेवा, चार नट आवळा, झालं."

मी म्हटलं, "टपावर नाही चालणार. शेजारी माणूस उभा राहिला तर डोकं बरोबर डब्यासमोर येतं. त्यातल्या लहरी थेट डोक्यात जातील. वर खांब पाहिजे."

"डोकं हाय कुणाला हितं?" तो म्हणाला आणि स्वतःच खूप हसला.

शेवटी खांब करून घेतला, तोही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडून. त्यानं खांब मजबूत केला, एवढा की त्याला ऊस बांधून ओढता आला असता. पण घुमटाच्या बरोबर पुढं त्यानं लोखंडी पाइप उभा केला होता.

"हे काय?"

"झेंड्याला. झेंडा पुढंच पायजे की. मागं झेंडा कोण लावतंय?"

मी त्याला समजावलं की रडार लोखंडाच्या आरपार बघत नाही, पाइप पुढं असला तर बोटीच्या नाकासमोरची पट्टी आंधळी होईल, आणि आपल्याला नेमकं तेवढंच बघायचंय. तो कुरकुरला. मी आवाज चढवला, पाइप कापून मागं लावायला लावला. हे मुद्दाम लिहितोय. वेल्डरपुढं मला कणा होता.

मग ते काम मी नीट केलं. घुमट लेव्हल नळी धरून समपातळीत बसवला, केबल कुठं दुमडू दिली नाही, सांध्यांवर पाणी जाणार नाही असं केलं. तळ्याचं पाणी सोडायच्या झडपांचा मनोरा पाण्यात उभा आहे, बोटीचं नाक त्यावर धरून बघितलं, तर पडद्यावर मनोरा नाकाच्या रेघेपासून डावीकडं सरकलेला दिसत होता. तो फरक यंत्राला सांगून रेघ मनोऱ्यावर आणली. अकरा वर्षं खांद्यावरून बघितलेलं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं केलं. बरोबर आलं.

बोटीवर चालक म्हणून जो लागला होता तो भूमकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. तिशीचा, काटक. त्यांच्या घरात पगाराची नोकरी करणारा तो पहिलाच. नोकरी कंत्राटी होती, पण खाकी शर्टावर बिल्ला होता आणि तो शर्ट तो रोज स्वतः इस्त्री करायचा. पडदा बघून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "ह्यो वरून बघतूया का?"

"वरून नाही. हा हाक मारतो, आणि हाक कुठून परत येते ते दाखवतो."

तो म्हणाला, "म्हंजी कड्याखाली मेंढरं वळवताना आपलीच आरोळी परत येती, तसं."

थोरल्या मेस्त्रीला जे मला सांगायला दोन वर्षं लागली ते यानं एका वाक्यात गुंडाळलं. तिथं मला त्याचं कौतुक वाटायला पाहिजे होतं. मला थोडा राग आला.

आठ दिवस आम्ही दोघं तळ्यावर फिरलो. पडद्यावर मध्ये बोट, भोवती अंतराची वर्तुळं, बांध म्हणजे जाड पिवळी रेघ. पाण्यात बुडालेल्या बाभळींची खोडं बारीक ठिपके म्हणून दिसायची. मी त्याला तीन बटणं शिकवली. एक आवाज लहानमोठा करावा तसं यंत्राचा कान लहानमोठा करतं. एक पावसासाठी. आणि तिसरं लाटांसाठी. समुद्रात बोटीजवळच्या लाटा पडदा भरून टाकतात, त्या पुसायला ते बटण. पण ते जास्त फिरवलं तर लाटांबरोबर जवळच्या बारीक वस्तूही पुसल्या जातात. तळ्यावर लाटा नसतातच, म्हणून ते बटण शून्याजवळ ठेवायचं, एवढं मी त्याला दहा वेळा बजावलं होतं.

तळ्यावर एक म्हातारा मच्छीमार होता. सगळे त्याला मामा म्हणायचे. थर्माकोलचे तुकडे खताच्या पोत्यात शिवून केलेल्या तराफ्यावर मांडी घालून बसायचा, हातानं वल्हवायचा आणि मासे ठेवायला जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, एक मोठं पातेलं समोर ठेवायचा. थर्माकोलला रडार ओळखत नाही. माणूसही पाण्यावर बसला तर जेमतेम दिसतो. पण ते पातेलं दिसायचं. रडारच्या चार फेऱ्यांत तीनदा ठिपका, एकदा गायब. हे शोधून काढलं ते चालकानं. एका सकाळी तो पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "मेस्तरी, हे खोड न्हाय. खोड हालत न्हाय." मग खात्री करायला बोट लांब थांबवून तो ओरडला, "मामाऽ! पातेलं पाठीमागं ठिवा!"

ठिपका मंदावला.

"आता डोक्यावर घ्या, मामा!"

तराफ्यावरून आवाज आला, "डोक्यावर पातेलं घिऊन बसतो, आन मासं काय तुजा बा धरनार व्हय रं?" पण त्यानं पातेलं उचललं. ठिपका लख्ख झाला. आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडलो.

मग आला उद्घाटनाचा दिवस.

बोटीला केळीचे खुंट बांधलेले, खांबाला झेंडूच्या माळा. घुमटालाही कुणीतरी चमकीची माळ गुंडाळली होती, चकाकणाऱ्या पन्नीची, लग्नाच्या मांडवातली. ती मी गुपचूप काढली, कारण पन्नीनं रडार आंधळंच झालं असतं. तेवढी अक्कल तेव्हाही शाबूत होती. भागातले पुढारी आले, मागं प्रकल्पाचे साहेब, मागं ठेकेदार, मागं फोन उंच धरलेली माणसं. बोट निघाली. पुढारी पडद्यावर वाकले.

"हे ठिपके कशाचे?"

मी म्हटलं, "बाभळीची खोडं, मालक. आणि हा हलतोय तो मच्छीमार आहे."

"घाण दिसतंय राव. एवढं नवं यंत्र आणि त्याला पुरळ आल्यासारखं?"

साहेब लगेच माझ्याकडं वळले. "स्वच्छ करा ना जरा."

फोटो काढणारे थांबले होते. मी लाटांचं बटण धरलं आणि शेवटपर्यंत फिरवलं. यंत्राचा कानही थोडा कमी केला. खोडं गेली, मामा गेले, पडदा काळाभोर आणि कडेनं बांधाची सुरेख पिवळी रेघ. "वा!" पुढारी म्हणाले, "याला म्हणतात तंत्रज्ञान." टाळ्या वाजल्या. किनाऱ्यावर आल्यावर मला शाल दिली, नारळ दिला. माइकवर माझा उल्लेख 'रडारवाले साहेब' असा झाला. या माणसांना पडद्यावर काही दिसत नाही याचंच कौतुक वाटलं, आणि तसल्या माणसांच्या टाळ्यांनी माझा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी तो लॅमिनेट करून घेतला.

उद्घाटनाच्याच दिवशी दुपारी पाहुण्यांची दुसरी फेरी होती. चालकानं बटण परत जागेवर आणलं होतं, ठिपके परत आले होते. साहेब उखडले. "सकाळी चांगलं होतं, आता कुणी हात लावला?" त्यांनी चालकाला सगळ्यांदेखत झापलं, सेटिंग बिघडवलं तर करार संपला म्हणाले. मी तिथंच होतो. मी एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. मी खिशातून काळी चिकटपट्टी काढली, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि त्यावर आडवीउभी दोन पदरी पट्टी मारली. आता फिरणार नाही अशी.

पाहुणे उतरल्यावर चालक जवळ आला. "मेस्तरी, आता मामा दिसत न्हाईत."

"डोळ्यानं बघ की."

"आन धुक्यात?"

"आपल्याकडं धुकं असतंच किती दिवस?"

हे मी म्हणालो. हे शब्द बदलून, जरा मऊ करून आठवायचा मी खूप प्रयत्न केलाय. ते तसेच आहेत.

त्यानं नंतर तीनदा फोन केला. "साहेबास्नी सांगा की, तुमचं ऐकतील. म्या काढली तर मला काढतील." दर वेळी मी 'बघू' म्हणालो. साहेबांनी मला तळ्याच्या बंगल्यावर कॅमेरे बसवायचं काम देऊ केलं होतं. बघू.

डिसेंबरातल्या एका सकाळी साहेबांचे पाहुणे आले, पक्षी बघायला. तळ्यावर एवढं दाट धुकं की धक्क्यावरून बोटीचं दुसरं टोक दिसेना. हे मी नंतर ऐकलेलं आहे, पण तिघाचौघांकडून सारखंच ऐकलंय. चालक म्हणाला, "ऊन येऊ द्या, तासाभरात उठंल." साहेब म्हणाले, "मग रडार कशाला घेतलंय? नारळ फोडायला?" पाहुणे हसले. बोट निघाली. पडदा स्वच्छ होता, अगदी पुढाऱ्यांना आवडला असता तसा. मनोऱ्याच्या अलीकडं बोट तराफ्यावर गेली. मामांना इंजिनाचा आवाज येत होता, पण धुक्यात कुठून येतोय ते कळत नव्हतं, म्हणून ते जागेवरच थांबून ओरडत राहिले. बोटीच्या पंख्यात त्यांचा डावा पाय सापडला. चालकानं पाण्यात उडी मारली, त्यांना वर घेतलं, इस्त्रीचा शर्ट फाडून मांडीला आवळून बांधला. डॉक्टर म्हणाले त्यामुळंच म्हातारा वाचला. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मला फोन साहेबांचा आला. ते एवढंच म्हणाले, "चौकशी लागेल. यंत्र सुस्थितीत असलं पाहिजे. तुमचंही नाव आहे त्यात." मोटारसायकलवर पाऊण तासात तळ्यावर पोचलो. धुकं उठलं होतं. चालक दवाखान्यात होता, तिथून त्याला पोलिसांनी नेलं. धक्क्यावर कुणी नव्हतं. मी बोटीत चढलो, पट्टी उचकटली, चिकट राहिलं होतं ते पेट्रोलच्या चिंधीनं पुसलं, बटण शून्याजवळ आणलं आणि यंत्र चालू करून बघितलं. बाभळी दिसल्या. फळीवर रक्त होतं. मी त्यावर पाय न देता उतरलो, हे मला चांगलं आठवतं. तेवढी काळजी घेतली.

चौकशीला तीन माणसं आली. एकानं विचारलं, याला मोबाइलची रेंज लागते का. दुसऱ्यानं विचारलं, पाण्याखालचं दिसतं का. तिसरा झोपेत असल्यासारखा होता, पण लिहायचं काम त्याच्याकडं होतं. त्यांना काही विचारताच येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला सांगायला सांगितलं आणि लिहून घेतलं. यंत्र सुस्थितीत होते. बटणे योग्य जागी होती. लहान वस्तू दिसणे शक्य होते. चालकाने पडद्याकडे योग्य लक्ष दिले नाही अथवा त्यास यंत्राचे पुरेसे ज्ञान नव्हते. मी सही केली. चालक म्हणत राहिला की बटणावर काळी पट्टी होती. त्यांनी पट्टी शोधली, मिळाली नाही. एवढ्या मूर्ख माणसांना फसवायला फार हुशारी लागत नाही, पण त्या दिवशी मला मी फार हुशार वाटलो.

त्याची नोकरी गेली, गुन्हा दाखल झाला. बोट धक्क्याला बांधून ठेवली, अजून तशीच आहे. साहेब बदलून गेले, बढतीवर.

मधली चार वर्षं मी काय केलं? कॅमेरे बसवले. कधी बाजारात त्याच्या गावाकडचं कुणी दिसलं की रस्ता बदलला. बायको एकदा तो लॅमिनेट केलेला फोटो पुसत होती, तिला म्हटलं फेकून दे. तिनं 'का?' म्हणून विचारलं, मी सांगितलं नाही. तिनं तो कपाटात ठेवला.

या वर्षी कोर्टाचं समन्स आलं. सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून. कागदावर मी 'तांत्रिक जाणकार' होतो. आधी एकदा कागदावर खोटं बोललो होतो, आता पिंजऱ्यात उभं राहून, शपथ घेऊन, त्याच्या तोंडावर तेच परत बोलायचं होतं. ते मला जमेना. यात चांगुलपणा किती आणि भेकडपणा किती, मला सांगता येत नाही. मी एका कागदावर खरं लिहिलं आणि एसटीनं भूमला गेलो, तिथून चालत त्याच्या गावाकडं.

तो माळावर मेंढरांमागं होता. परत तेच. मला लांबूनच ओळखलं, पण जागचा हलला नाही.

"या, मेस्तरी," तो म्हणाला. "वाट चुकलाव का?"

मी समन्स आलंय म्हणून सांगितलं. कोर्टात सगळं खरं सांगणार आहे म्हणालो. कागद पुढं केला. त्यानं काठी काखेत धरून कागद वाचला, हळूहळू, ओठ हलवत. मग एका ओळीवर नख ठेवलं.

"हे काय? 'साहेबांच्या दबावाखाली मी सदर बटण फिरवले.'"

"ते स्वच्छ करा म्हणाले होते ना. तू होतास की तिथं."

"व्हतो की. म्हनूनच इचारतोय. दबाव कुठं व्हता? त्यांनी काय छातीवर गुडघा दिलता? ते म्हनले जरा साफ करा, तर तुमचा हात असा गेला बटनाकडं," त्यानं हवेत हात भर्रकन फिरवून दाखवला, "जसा नवरदेव हाराकडं जातूय."

मी मेंढरांकडं बघायला लागलो.

"तुमाला टाळ्या पायजे हुत्या. त्या मिळाल्या. आता त्यात बी वाटेकरी घिऊ नगा." त्यानं कागद परत दिला. "मामाकडं गेलताव का?"

"नाही."

"चार वर्सांत?"

"नाही."

त्यानं मेंढरांना हाक घातली आणि पुढं चालायला लागला. मग वळून म्हणाला, "त्यांच्याकडं न जाता माज्याकडं आलाव. म्या कोर्टात हाय म्हनून. लई शानं हायसा तुमी."

परतीच्या एसटीत मी ती ओळ खोडली. नवीन काय लिहावं ते उमरग्याच्या एका वकिलाला विचारायला गेलो, तर तो म्हणाला, "ती ओळच तुम्हाला वाचवणारी होती. ती ठेवा, बाकीचं खोडा." आमच्याकडं वकिलाचा सल्ला असा असतो, आणि तो चुकीचाही नसतो. मी ओळ खोडलेलीच ठेवली.

कोर्टात माझा पुकारा झाला. सरकारी वकिलांनी माझा जुना जबाब पुढं करून विचारलं, हा तुमचाच ना? मी म्हटलं, सही माझी आहे, मजकूर खोटा आहे. मग सांगितलं. बटण मी फिरवलं, टाळ्यांसाठी. पट्टी मी लावली, साहेबांच्या मर्जीसाठी. आणि अपघातानंतर पेट्रोलनं पुसून मी काढली, माझ्यासाठी. आरोपीला यंत्र माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. सरकारी वकिलांची तारांबळ उडाली. त्यांनी कागद चाळले, मग न्यायाधीशांकडं परवानगी मागितली आणि नोंद झाली: साक्षीदार फितूर. जबाब खोटा दिला तेव्हा मी जाणकार होतो. पहिल्यांदा खरं बोललो त्या दिवशी फितूर झालो. नंतर उलटतपासणीत मला विचारलं, आरोपीकडून काय मिळालं? माझ्यावर वेगळा गुन्हा होऊ शकतो हेही ऐकवलं. होऊ दे. असं मी म्हटलं.

बाहेर आलो तर चालक जिन्याच्या खाली उभा होता, खाकी नाही, साधा पांढरा शर्ट. माझी अपेक्षा काय होती, कबूल करतो. एखादा शब्द तरी. तो आपल्या वकिलाशी बोलत राहिला. मग माझ्याकडं बघून म्हणाला,

"पुढल्या तारखंला मामाची साक्ष हाय. पट्टी त्यांनी बी बघितली हुती. मासं द्यायला बोटीवर आलते तवा."

"बरं."

"बरं न्हाय. कोर्ट वरच्या मजल्यावर हाय, लिफ्ट न्हाय. मागच्या बारीला म्या आन माज्या भावानं खुर्चीत घालून चढवलं. भाऊ आता पुन्याला हाय."

मी म्हटलं, "मी येतो."

"हितं येऊ नगा. त्यांच्या घरी जावा सकाळी, तिथनं घिऊन या. म्हातारं तुमाला बगून काय बोलंल ते ऐकून घ्या आदी. लई शिव्या देतंय. मदी तोंड उघडू नगा."

"नाही उघडणार."

"हां," तो म्हणाला, "त्ये तुमाला जमतंय."